पिशवीवरचा टॅग : अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनची पंचविशी

जालन्याच्या बाजारात जूनच्या तोंडावर बियाण्याची पिशवी घेणाऱ्याला कृषी खातं दरवर्षी तेच बजावतं. पिशवी खालून फोडा, टॅग शाबूत ठेवा, पावती आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपा. उगवण झाली नाही किंवा वाण भलतंच निघालं, तर तक्रारीला आधार तेवढाच असतो. टॅगच्या रंगातही अर्थ असतो. सोनेरी पिवळा म्हणजे पैदासकार बियाणं, पांढरा म्हणजे पायाभूत, निळा म्हणजे प्रमाणित. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे आपली महिको, काढली. तेव्हापासून बियाणं कुठून आलं हे कागदावर दाखवता आलं पाहिजे, याची या गावाला सवय आहे.

याच भागातली आणि आता पुण्यात, बंगळुरात बसून जावा लिहिणारी पोरं रोज डझनावारी पिशव्या फोडतात. त्यांचे टॅग मात्र क्वचितच कोणी बघतं. या पिशवीला ‘जार’ म्हणतात. जार ही खरं तर साधी झिप फाइल. ती उघडली की आत ‘मेटा-इन्फ’ नावाचा फोल्डर सापडतो आणि त्यात बहुतेक वेळा दोन लहानशा मजकुराच्या फाइली असतात. एकीचं नाव लायसन्स, दुसरीचं नोटीस. पहिलीत वापराच्या अटी, दुसरीत हा माल कोणाकोणाच्या हातून आला त्याची नोंद. प्रोग्राम चालायला या दोन्हींची काडीचीही गरज नसते. त्या खोडून टाकल्या तरी जार तसाच चालतो. तरीही त्या तिथे असाव्यात म्हणून एका संस्थेनं पंचवीस वर्षांहून अधिक काळ मतदान केलं, भांडणं केली, मोठमोठ्या कंपन्यांशी फारकत घेतली. त्या संस्थेची ही हकिगत.

संस्थेचा जन्म झाला तो एक माणूस नोकरी सोडून गेला म्हणून. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल यांनी वेबसाइट चालवणारा एक सर्व्हर लिहिला होता. १९९४ च्या मध्याला ते केंद्रातून बाहेर पडले आणि सर्व्हरला वाली उरला नाही. वापरणारे मात्र होतेच. ज्याला जो दोष सापडे तो आपापल्या परीनं त्यावर ठिगळ लावी. फेब्रुवारी १९९५ मध्ये अशा आठ ठिगळकऱ्यांनी ईमेलवरच मोट बांधली. ब्रायन बेहलेनडॉर्फ आणि रॉय फील्डिंग ही त्यातली पुढे गाजलेली नावं. इंग्रजीत ठिगळाला पॅच म्हणतात, त्यावरून ‘अपाची’ हा श्लेष साधला असं काही जण सांगतात. अमेरिकेच्या अपाची जमातीबद्दलचा आदर हेच कारण, असं बेहलेनडॉर्फ सांगत आले. हा नावाचा विषय शेवटी पुन्हा येणार आहे. एप्रिलमध्ये पहिली आवृत्ती आली, १ डिसेंबर १९९५ ला १.० आली आणि १९९६ च्या एप्रिलात हा जगातला सर्वाधिक वापरला जाणारा वेबसर्व्हर ठरला. या मंडळींना ना कचेरी होती, ना पगारपत्रक.

१९९८ मध्ये आयबीएमनं आपल्या वेबस्फिअर या विक्रीच्या मालात अपाची बसवायचं ठरवलं, तेव्हा अगदी व्यवहारी प्रश्न उभा राहिला. करार करायचा तर कोणाशी? आणि उद्या कोणी दावा ठोकला तर कोर्टात उभं कोण राहणार? ईमेलवरच्या गटावर समन्स बजावता येत नाही आणि त्याच्या नावे धनादेशही फाडता येत नाही. मार्च १९९९ मध्ये डेलावेअर राज्यात अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था नोंदवली गेली. सुरुवातीचे सभासद २१. सभासद होतात त्या व्यक्ती. कंपनीला सभासदत्वच नाही. कंपनी देणगी देऊ शकते, आपली माणसं कामाला लावू शकते, पण मताचा हक्क त्या माणसाचा, आणि नोकरी बदलली तरी तो त्याच्यासोबत जातो. आपल्याकडच्या सहकारी संस्थांत एक सभासद एक मत हे तत्त्व भाषणात असतं. इथे त्याला कंपन्यांच्या गराड्यातून वाट काढावी लागली, आणि ते टिकलं.

जावा या घरात आलं ते त्याच वर्षी. जून १९९९ च्या जावावन परिषदेत सन मायक्रोसिस्टिम्सनं जाहीर केलं की जावाची वेब पानं चालवणारा आपला कोड अपाचीला देणार. सनमधले जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलेला तो कोड म्हणजे टॉमकॅट. ज्या बैठकीच्या खोलीत ही बोलणी झाली तिचं नाव जकार्ता होतं, म्हणून प्रकल्पाचं नावही जकार्ता. टॉमकॅटच्या नावाची गंमत वेगळी. ओरायली प्रकाशनाच्या पुस्तकांवर प्राणी असतात. आपल्याही सॉफ्टवेअरवर कधीतरी पुस्तक निघेल तर मुखपृष्ठावर स्वतःचं स्वतः बघू शकणारा प्राणी असावा, म्हणून डेव्हिडसननी बोका निवडला. पुस्तक निघालं, पण बोका तोवर दुसऱ्या पुस्तकाला गेला होता. टॉमकॅटच्या वाट्याला हिमबिबट्या आला.

जकार्ताच्या छताखाली पुढची काही वर्षं नुसती लगबग होती. क्रेग मॅकक्लॅनहन यांनी २००० मध्ये दिलेली स्ट्रट्स ही वेब फ्रेमवर्क, अँट, प्रोग्रामच्या नोंदी ठेवणारं लॉग४जे, डग कटिंग यांचं ल्युसीन हे शोधयंत्र, आणि पुढे मेव्हन. पुण्या-मुंबईच्या ज्या पिढीनं त्या दशकात जावाच्या नोकऱ्या धरल्या, तिला मुलाखतीत स्ट्रट्सवरचे प्रश्न हमखास असत. अपाचीच्या लायसन्सवर एकही नसे.

ते लायसन्स जानेवारी २००४ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत स्थिरावलं आणि आजही तेच चालू आहे. त्याच्या अटी फार नाहीत. कोड घ्या, बदला, विका, आपल्या बंद मालात घाला. फक्त लायसन्सची प्रत सोबत द्या, बदललेल्या फाइलीत तसं नमूद करा, मूळ हक्काच्या ओळी पुसू नका आणि नोटीस फाइल असेल तर ती पुढे न्या. कोड देणारा त्या कोडपुरता आपल्या पेटंटचाही परवाना देतो. तोच कोड आपल्या पेटंटवर आक्रमण करतो असा दावा कोणी ठोकला, तर त्या माणसाचा पेटंट परवाना त्याच दिवशी संपतो. आणखी एक कलम वरवर वाचताना सुटून जातं. कोड तुमचा झाला तरी नाव तुमचं होत नाही.

जालन्याच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखायचा, पुन्हा पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा, विकायचासुद्धा हक्क आहे. संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या लेबलनं विकायची मात्र मनाई आहे. दोन्हीकडे दाणा मोकळा आणि लेबल राखीव.

अटी मोडल्या तर पुढे काय, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. फुकट दिलेल्या वस्तूच्या अटींना कोर्टात वजन किती? उत्तर आलं एका खेळण्यातल्या आगगाडीमुळे, आणि तीही जावानं चालणारी. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट जेकबसन आणि सहकाऱ्यांनी मॉडेल रेल्वे चालवणारा जेएमआरआय हा जावा प्रकल्प खुल्या लायसन्सखाली ठेवला होता. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीनं त्यातल्या फाइली लेखकांची नावं आणि हक्काच्या ओळी गाळून आपल्या मालात घातल्या. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयानं सांगितलं की या अटी म्हणजे नुसता करार नव्हे. त्या मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. पैसे घेतले नाहीत म्हणून हक्क सोडला असं होत नाही. २०१० मध्ये एक लाख डॉलरवर तडजोड झाली. हा खटला अपाचीचा नव्हे, पण नोटीस फाइल कशासाठी जपायची असं विचारणाऱ्याला आजही याच आगगाडीत बसवावं लागतं.

अपाचीच्या घरातली शिस्त त्याहून कडक. बाहेरच्यानं काय करावं याबद्दल संस्था जितकी सैल, तितकीच आपल्या पोतडीत काय जातं याबद्दल काटेकोर. कोड देणारा प्रत्येक नियमित सहभागी आधी एका करारावर सही करतो : हा कोड माझा आहे, तो द्यायचा मला अधिकार आहे. मालकी त्याचीच राहते; संस्थेला मिळतो तो परवाना. नवा प्रकल्प आला की त्याला सरळ आत घेत नाहीत. ऑक्टोबर २००२ पासून त्यासाठी इनक्युबेटर आहे, रोपवाटिकाच म्हणा ना. तिथे कोडचा उगम तपासला जातो, माणसांना मतदान शिकवलं जातं.

प्रत्येक आवृत्ती बाहेर पडण्याआधी मतदान होतं, बहुधा ७२ तासांचं. प्रकल्प समितीतल्या किमान तिघांनी ‘अधिक एक’ असं लिहून पाठवावं लागतं. नुसतं लिहून भागत नाही. मूळ कोडचं गाठोडं आपल्या यंत्रावर उतरवायचं, सही पडताळायची, तिथेच बांधून बघायचं, आणि प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर लायसन्सच्या ओळी आहेत का ते पाहायचं. या शेवटच्या कामाला जावातच लिहिलेलं एक हत्यार आहे, त्याचं नाव रॅट. बियाण्याच्या गोदामात उंदीर शिरला की लोक धावतात. इथे उंदीर मुद्दाम सोडतात. तो फाइलीमागून फाइल हुंगत जातो आणि ज्यांच्या डोक्यावर टॅग नाही त्यांची यादी आणून टाकतो. एखाद्या चाचणीसाठी कोणीतरी कुठून तरी उचलून ठेवलेली फाइल अशी हमखास सापडते, आणि अख्खी आवृत्ती आठवडाभर अडते. प्रोग्रामर वैतागतात, आणि त्यांचा वैताग खराही असतो. चांगला चाललेला कोड एका ओळीच्या कागदासाठी थांबतो हे कोणाला आवडेल?

या काटेकोरपणाचं सर्वांत मोठं मोल संस्थेनं हार्मनीच्या प्रकरणात मोजलं.

मे २००५ मध्ये अपाचीत एक धाडसी बेत मांडला गेला : अख्खं जावा आपण नव्यानं, अपाचीच्या लायसन्सखाली लिहायचं. त्याचं नाव हार्मनी. पण लिहिलेल्या वस्तूला जावाशी सुसंगत म्हणवून घ्यायचं तर सनची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागे. ती चाचणी, म्हणजे टीसीके, सनच्या ताब्यात. २००२ मध्ये बऱ्याच रस्सीखेचीनंतर सननं मान्य केलं होतं की जावाच्या नव्या मानकांची खुली रूपं काढता येतील आणि ना-नफा संस्थांना चाचणी मोफत मिळेल. हार्मनीनं चाचणी मागितली तेव्हा सोबत अट आली, ती वापराच्या क्षेत्राची. चाचणी उत्तीर्ण झालेलं जावा मोबाइलसारख्या काही ठिकाणी चालवायचं नाही. हे असं झालं : बियाणं तुम्ही पिकवलं, प्रयोगशाळा तपासून द्यायला तयार आहे, पण म्हणते की ते फक्त काळ्या रानात पेरायचं, मुरमाड जमिनीत नाही, आणि ही अट घेणाऱ्या प्रत्येकावर तुम्हीच घालायची. अपाचीच्या लायसन्समध्ये अशी अट बसूच शकत नाही.

१० एप्रिल २००७ ला संस्थेनं सनला खुलं पत्र लिहिलं. उपयोग झाला नाही. दरम्यान सननं नोव्हेंबर २००६ मध्ये आपलंच जावा जीपीएल, म्हणजे खुलेपण पुढच्यावर बंधनकारक करणाऱ्या, लायसन्सखाली खुलं करायची घोषणा केली होती, त्यामुळे हार्मनीच्या बाजूनं बोलणारे कमी होत गेले. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलनं सनला विकत घेतलं. ऑक्टोबरात आयबीएमही हार्मनी सोडून ओरॅकलच्या खुल्या जावाकडे, ओपनजेडीकेकडे, गेली. ९ डिसेंबर २०१० ला अपाचीनं जावाची मानकं ठरवणाऱ्या कार्यकारी समितीचा राजीनामा दिला; दहा वर्षांचं सभासदत्व संपलं. नोव्हेंबर २०११ मध्ये हार्मनी माळ्यावर गेली. अपाचीत बंद पडलेले प्रकल्प ठेवायच्या जागेचं नावच ‘अ‍ॅटिक’ आहे.

माळ्यावर जाण्याआधी हार्मनीची क्लास लायब्ररी गूगलनं अँड्रॉइडसाठी उचलली होती. ओरॅकल आणि गूगल यांच्यातला खटला ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाला आणि ५ एप्रिल २०२१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूनं संपला. वाद जावातून उचललेल्या सुमारे ११,५०० ओळींचा होता. आपल्या खिशातल्या फोनवर जे कोर्टकचेरीचं ओझं होतं, त्याची एक मुळी त्या माळ्यावर निघते.

‘जावा’ या नावाचं भांडण मात्र तिथे संपलं नाही. ओरॅकलनं पुढे मोठ्या यंत्रणांसाठीचं जावा एक्लिप्स फाउंडेशनला दिलं, पण ‘जावा’ हे नाव दिलं नाही. नवं नाव हवं होतं, आणि लोकांनी निवडलं ते अपाचीचं जुनं नाव, जकार्ता. त्यापायी कोडमधल्या ‘जावाएक्स’नं सुरू होणाऱ्या ओळी ‘जकार्ता’ने सुरू कराव्या लागल्या. टॉमकॅट ९ वरून १० वर जाताना ज्यांनी शेकडो फाइलींत हा बदल केला आणि तरीही एक जुना जार कुठेतरी अडकून राहिल्यामुळे रात्र जागून काढली, त्यांनी ट्रेडमार्कच्या कायद्याचं प्रात्यक्षिकच केलं.

बाहेरून येणाऱ्या मालासाठी संस्थेनं तीन कप्पे केले आहेत. पहिल्यात एमआयटी, बीएसडी यांसारखी सैल लायसन्स. ती खुशाल घ्या. दुसऱ्यात मोझिलाचं किंवा एक्लिप्सचं. ती बेतानं, शक्यतो बांधलेल्या रूपातच. तिसरा कप्पा ‘एक्स’. त्यातलं काही आत आणायचं नाही. जीपीएल आणि एलजीपीएल तिथे बसतात. त्यांत दोष आहे म्हणून नव्हे, तर अपाचीचा माल घेणाऱ्याला त्याच्या माहितीशिवाय नव्या अटी चिकटू नयेत म्हणून. मुक्त सॉफ्टवेअरच्या काही कट्टर समर्थकांना ही भूमिका बोटचेपी वाटते. खुलेपण पुढच्यावर बंधनकारक करायचं की त्याच्या मर्जीवर सोडायचं, यावर दोन्ही बाजू तीन दशकं वाद घालताहेत, आणि दोघींकडे चांगली कारणं आहेत.

या एक्स कप्प्यात नोव्हेंबर २०१६ मध्ये एक मजेदार पाहुणा गेला. डग्लस क्रॉकफर्ड यांच्या जेसन लायसन्समध्ये एक ओळ होती : हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको. हसून सोडून द्यावी अशी ओळ. पण चांगलं काय नि वाईट काय हे ठरवणार कोण, असं वकिलांनी विचारलं तर उत्तर नाही. एका बड्या कंपनीच्या वकिलांनी वाईटासाठी वापरायची रीतसर परवानगी मागितली आणि आपण ती देऊन टाकली, असं क्रॉकफर्डच व्याख्यानात सांगत. अपाचीनं मात्र विनोदाला विनोद मानलं नाही. जेसन नावाच्या मांडणीतली माहिती वाचणारी, या लायसन्सखालची लहानशी जावा लायब्ररी पुढच्या काही महिन्यांत प्रकल्पाप्रकल्पांतून उपटावी लागली. पुढच्या जुलैत फेसबुकचं पेटंटच्या पुरवणीसह येणारं लायसन्सही त्याच कप्प्यात गेलं. दोन महिन्यांत फेसबुकनं आपल्या रिअ‍ॅक्ट या लायब्ररीचं लायसन्स बदललं.

आता पुण्याची गोष्ट. पीआयसीटी या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या नेहा नारखेडे अमेरिकेत जॉर्जिया टेकमधून पुढे लिंक्डइनमध्ये गेल्या. तिथे जे क्रेप्स आणि जुन राओ यांच्यासोबत त्यांनी काफ्का उभारलं. कंपनीतल्या अनेक यंत्रणांमधून घटनांचा जो अखंड लोंढा वाहतो, तो क्रमानं टिपून ठेवायचा आणि ज्याला हवा त्यानं हव्या वेळी वाचायचा, असं हे काम. लिहिण्यात पटाईत अशा यंत्रणेला लेखकाचंच नाव शोभेल म्हणून क्रेप्स यांनी फ्रान्झ काफ्काचं नाव दिलं. २०११ च्या सुरुवातीला कोड खुला झाला, जुलैत अपाचीच्या रोपवाटिकेत आला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथून स्वतंत्र प्रकल्प म्हणून बाहेर पडला. २०१४ मध्ये तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली.

डिसेंबर २०१८ मध्ये कॉन्फ्लुएंटनं आपल्या काही घटकांचं लायसन्स आवळलं, म्हणजे मोठ्या क्लाउड कंपन्यांनी ते फुकट उचलून त्याचीच सेवा विकू नये. कंपनीच्या दृष्टीनं ते रास्तच होतं. काफ्काला मात्र हात लागला नाही, कारण तो लावता येत नव्हता. काफ्काचे निर्माते कंपनीत होते, पण काफ्का संस्थेत होतं, आणि संस्थेत एकट्या कंपनीच्या मताला किंमत नाही.

दुसरी बाजू दोन वर्षांनी दिसली. इलास्टिकसर्च हे जावात लिहिलेलं शोधयंत्र अपाचीच्या ल्युसीनवर उभं आहे आणि अपाचीच्याच लायसन्सखाली वाढलं, पण ते संस्थेत कधीच नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीनं ते लायसन्स काढून घेतलं. अ‍ॅमेझॉननं जुन्या कोडची फांदी तोडून ओपनसर्च काढलं. मग सप्टेंबर २०२२ मध्ये अक्काची पाळी आली. एकाच वेळी असंख्य कामं सांभाळणारी ही फ्रेमवर्क. नाव स्वीडनमधल्या डोंगराचं, पण मराठी टीममध्ये ‘अक्का पडली’ म्हटल्यावर कोणीतरी हसतंच. लाइटबेंड या तिच्या कंपनीनं लायसन्स बदललं आणि मोठ्या कंपन्यांना पैसे मोजणं आलं. अपाचीचा स्वतःचा फ्लिंक हा प्रकल्प अक्कावर उभा होता, म्हणजे संस्थेच्या मुळाशीच प्रश्न आला. ज्या शेवटच्या आवृत्तीवर जुना टॅग होता तिथून नवी फांदी काढली गेली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात फ्लिंक १.१८ त्या फांदीवर गेलं. तिचं नाव पेक्को. फिनलंडच्या लोककथांत पेक्को हा शेताचा, पिकांचा देव आहे.

डिसेंबर २०२१ मधला लॉग४जेचा हाहाकार सर्वांना आठवतो, म्हणून थोडक्यात. त्यातला सुरक्षेचा दोष गंभीर होता आणि दुरुस्ती करणारे मोजके लोक फावल्या वेळात काम करणारे. पण कंपन्यांचे आठवडे गेले ते दुरुस्तीत नव्हे, लॉग४जे आपल्या मालात नेमकं कुठे आहे हे शोधण्यात. म्हणजे जी यादी लायसन्ससाठी ठेवायला हवी होती, तीच सुरक्षेसाठी हवी होती, आणि ती बहुतेकांकडे नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं सॉफ्टवेअरच्या घटकयादीसाठी, म्हणजे एसबॉमसाठी, मार्गदर्शक सूचना काढल्या. युरोपात त्याच वर्षी सायबर रेझिलिअन्स कायदा लागू झाला. त्याची मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून सुरू होतील. पुण्यातून युरोपला माल विकणाऱ्यांना आता मेटा-इन्फ उघडावंच लागेल.

राहिला नावाचा विषय. जानेवारी २०२३ मध्ये नेटिव्हज इन टेक या मूलनिवासींच्या संघटनेनं संस्थेला जाहीरपणे सांगितलं की जमातीचं नाव वापरणं थांबवा. दुसऱ्याच्या मालाचा उगम जवळजवळ पंचवीस वर्षं काटेकोरपणे तपासणाऱ्या संस्थेला हा प्रश्न इतक्या उशिरा भिडावा, यात थोडा उपरोध आहेच. वार्षिक परिषदेचं ‘अपाचीकॉन’ हे नाव त्याच वर्षी गेलं. २०२५ मध्ये संस्थेचं पिसाचं चिन्ह गेलं आणि त्याजागी ओकचं पान आलं. संस्था स्वतःचा उल्लेख एएसएफ या आद्याक्षरांनी करू लागली. लायसन्सचं नाव मात्र अजून तेच आहे. जगभरच्या असंख्य फाइलींच्या माथ्यावर ते लिहिलेलं आहे, आणि त्या ओळी पुसू नका असं त्याच लायसन्सचं चौथं कलम सांगतं.